झालं म्हणजे काय झालं

पहिल्या दिवशी मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
विचारलं एवढंच : झालं, हे कळणार कसं?
चौघं एकमेकांकडे बघत राहिली.
निकेश उईके म्हणाला, मॅडम, झालं म्हणजे झालं नं!
फैजान म्हणाला, सबमिशन.
शेफालीनं वहीत 'यश' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या
आणि रेघांखाली तिचं पेन अडलं.

काम तसं साधं :
तांडापेठेत कौशल्याबाई निनावेंची टिनाची खोली,
तिचं छत थंड करायचं.
चुना, ओली पोती, कुणाच्या तरी कूलरमधली जुनी वाळ्याची ताटी.
नागपूरचं ऊन; मार्चातच आत एकेचाळीस.
भिंतीवर ब्राउन पेपर लावला :
सहा अंश कमी, पंधरा मेपर्यंत.
तारीख, बाहेर, आत, फरक, कोण गेलं होतं.
शेवटचा रकाना ऋतुजा हेडाऊचा.
कोण जाणार नाही, ते तिला आधीच माहीत होतं.

पहिला आठवडा, फरक दीड.
दुसरा, दीडच.
तिसऱ्यात पोती उडाली,
शेजारच्या अंगणात सापडली, त्यांवर मांजर व्यालेली.
फरक शून्य.
फैजाननं शून्य असं काढलं की सहा वाटावा.
मी काही बोलले नाही, नुसती बघत राहिले.
संध्याकाळी त्यानंच तो गोल केला.

एप्रिलात कौशल्याबाईंनी मोबाइलवर कागदाचा फोटो पाहिला,
चष्मा कपाळावर सारून.
"हे सहा कोणाचं हो?
मले तं कोणी इचारलंच नाही."
खरंच.
शिडीचं विचारलं होतं, पाण्याचं विचारलं होतं,
थर्मामीटरला खिळा ठोकू का, तेही.
"दोन ते चार मशिनीवर बसता आलं पायजे, बाप्पा.
घामानं हात घसरते, शिलाई वाकडी जाते,
इतवारीचा शेठ पैसे कापते.
दुपारचे दोन परकर झाले, तं मी म्हणीन, झालं."

दुसऱ्या दिवशी कागदाला कागद जोडून
नवा रकाना : दुपारचे परकर.
शून्य. शून्य. शून्य.
एक, उसवावा लागलेला.
हा धरायचा का? निकेशनं विचारलं,
आणि अर्धा तास भांडण.
मी चहा मागवला, तो निवला.
एकोणीस वर्षं शिकवतेय;
'यशस्वी' या शब्दावर कोणी आवाज चढवला नव्हता,
उसवलेल्या परकरावर चढला.
ठरलं : धरायचा नाही. लिहायचा.

नऊ मेची ओळ कोरी आहे.
पारा सेहेचाळीस, रस्त्यावर कुत्रंही नाही.
'कोणी गेलं नाही', ऋतुजाचं अक्षर,
पुढे चार नावं, पहिलं तिचं स्वतःचं.

पंधरा तारखेला फरक पावणेचार.
परकर एक, आणि दुसऱ्याची नाडी राहिलेली.
बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले,
सहा म्हणाला होतात ना?
हो सर, शेफाली म्हणाली. पावणेचारच आलं.
आणि न विचारता नऊ मेवर बोट ठेवलं.
त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

जूनमध्ये भिंत रंगवायची म्हणून कागद काढायला गेले,
तर खाली एक ओळ वाढलेली, तेवीस मे.
बाहेर पंचेचाळीस. आत, वाचलं नाही.
परकर दोन,
पुढे प्रश्नचिन्ह, बारीक अक्षरात :
बाई म्हणतात, एक शेजारणीनं शिवला,
तिच्या घरी लय तापते म्हणून इथं येऊन बसली होती.
धरायचा का?

गुण मी केव्हाच पाठवून दिले होते.