साडेपंधरा

मे महिना, सकाळचे आठ,
तरी गड्डीगोदामात गाडीच्या टाकीवर हात टिकत नाही.
रंगारी सिस्टर मेयोतली नाईट करून थेट इकडेच आली,
डोळ्यांखाली रात्र तशीच.
"भाऊ, तिसरी बॅटरी हाय ही.
अंडं सडल्यासारखा वास येऊन राहिला."

सीट काढली.
बॅटरीचं पोट फुगलेलं, टर्मिनलवर पांढरा मोहर.
फैजान म्हणाला, "कंपनीच बेकार आहे उस्ताद, दुसरी टाकू."
थांब बे, म्हटलं. आधी विचारू तं दे.

मीटरच्या दोन सुया लावल्या, लाल आणि काळी.
बंद गाडी : बारा चार.
आयडलवर तेरा सहा. इथवर सगळं शहाण्यासारखं.
मग मूठ पिळली.
चौदा, चौदा आठ, पंधरा.
साडेपंधरावर आकडा थांबला
आणि मीही.

साडेचौदाच्या पुढे ते चार्जिंग नसतं, ताप असतो.
आतलं पाणी उकळतं, प्लेटा वाकतात,
हेडलाइटचा बल्ब एका रात्री
लग्नातल्यासारखा झगमगून कायमचा मिटतो.
उपाशी मेलेल्या बॅटऱ्या मी शेकड्यानं पाहिल्या.
खाऊन मेलेली ओळखायला नाक लागतं.

स्टेटरच्या तीन पिवळ्या वायरी सोडवल्या.
या दोघींत साठ, त्या दोघींत साठ,
उरलेल्या जोडीतही साठ.
तिघी बहिणी सारख्या कमावत्या.
एक सुई बॉडीला लावली, मीटर मुका.
तो मुका राहिलेलाच बरा.

उरला रेग्युलेटर.
तो मार्चमध्ये मीच बदललेला.
अठराशे रुपये. तिनं दोन हप्त्यांत दिले होते.

बाकावर ती बसल्या बसल्या झोपली होती.
फोन वाजला. डोळे न उघडताच बोलली,
"कालच तं पाठवले ना रे... बरं, पाठवते."
चहावर साय धरली.

एक बारीक वायर असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही.
ती वीज नेत नाही, नुसती खबर नेते :
बॅटरीत आता किती आहे.
तिच्या टोकाला सुई टेकवली. चौदा तीन.
इकडे साडेपंधरा, तिकडे चौदा तीन.
कपलर उघडला. आत हिरवी बुरशी.
सव्वा व्होल्ट तिथंच गडप होत होता,
आणि रेग्युलेटर बिचारा ऐकत होता की अजून पुरेसं नाही,
म्हणून देत होता.

कानस, ब्रश, थोडं स्पिरिट.
गॅरेजची बॅटरी जोडून पुन्हा मूठ पिळली.
चौदा तीन. हलेना.

मार्चमधला जुना अजून कोनाड्यात होता,
भंगाराच्या पोत्याजवळ.
काढला, पुसला, एकेक डायोड तपासला.
सहाच्या सहा एका बाजूनं जाऊ देतात,
दुसरीकडून आले तर दार बंद.
काही झालं नव्हतं त्याला.
फैजान माझ्याकडे बघत होता.
मी त्याला पान्हे पुसायला सांगितले.

गल्ला उघडला. साडेअकराशे निघाले.
तिला हाक मारली, "सिस्टर, उठा. झाली गाडी.
हे तुमचे अठराशे..."
पुढचं वाक्य जुळवेपर्यंत
तिला वाटलं, मी मागतोय.
झोपेतच तिनं पर्स उघडली.