लीन

विलेनहॉलमध्ये कुलपं होतात.
निदान आमच्या गल्लीत अजून होतात.
बाकीच्या कारखान्यांचे फ्लॅट झाले
आणि त्यांच्या दारांना कुलपं बाहेरून येतात.

मार्चमध्ये दोन हजार तीनशे परत आली.
किल्ली आत जायची, पाऊण फिरायची
आणि थबकायची,
बोलता बोलता नाव विसरलेल्या माणसासारखी.

पितळ उघडं पडलं, असं आपण म्हणतो.
इथे ते टेबलावर पसरलं होतं,
लाल चिठ्ठ्या लावून, पिवळंधमक.

मी खापर हातात घेऊनच फिरत होतो.
डोकी तयार होती:
रात्रपाळीचा सुखपाल,
शेफील्डचा पातीवाला,
अगदीच कुणी नाही तर दमट हवा.

मग बर्निस ओकडेन नावाची सल्लागार आली.
दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून तिने
फरशीवर खडूने वर्तुळ काढलं.
म्हणाली, यात उभे राहा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
काय करू?
काही नको.

पहिला तास मला फक्त माझे बूट दिसले.
दुसऱ्या तासात ग्लेनिस ट्रँटर दिसली.
प्रत्येक सिलिंडरला ती नखाने टिचकी मारी,
कानाशी नेई,
मडकं घेताना वाजवून बघतात तसं.
काही डावीकडे ठेवी, काही उजवीकडे.
आणि घंटेआधी दोन्ही ढीग
एकाच खोक्यात.

किल्ली का अडकते?
खाच अरुंद आहे, अर्ध्या केसाने.
का अरुंद?
पातं झिजलंय.
का नाही बदललं?
आठ हजारांनंतर बदलायचं, ते बारा हजारांवर नेलं.
का नेलं?
काटकसर. कागद आहे. खाली सही आहे.
सही ओळखीची निघाली,
दहावीच्या वहीत पानंच्या पानं घोटून बसवलेली.

चौथ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.
माफी मागून मोकळा झालो असतो.
पण मी ग्लेनिसला विचारलं,
तुला आवाजात कळत होतं,
मग डोक्यावरची पिवळी दोरी का नाही ओढलीस?

ती बराच वेळ हात पुसत राहिली.
"ओढली होती, बॅब. दोन हजार नऊ साली.
एकेचाळीस मिनिटं लाइन थांबली.
दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझं नाव, लाल,
पुढे एकेचाळीस.
महिनाभर कुणी पुसलं नाही."

फळा केव्हाच गेला.
भिंतीत त्याचे दोन खिळे आहेत.
आणि त्याच दोरीखाली, फेब्रुवारीत,
मी केक कापला होता:
शंभर दिवस, एकदाही लाइन थांबली नाही.
ग्लेनिसनेही खाल्ला.

आमच्या दारावर चार रोमन अक्षरं रंगवली आहेत.
मी त्यांचा अर्थ घेतला: रोडावणं.
कपाटं काढली, दोन माणसं काढली,
चहाची दहा मिनिटं काढली.
खरं तर हा उच्चार मला
इंग्रजीच्या आधीपासून येत होता.
नुसती मान हलवू नकोस, आई म्हणायची,
नमस्कार करताना लीन हो.

पातं परत आठ हजारांवर आणलं.
दोरी धुतली, पाणी काळं निघालं.
सुखपालला मी काही बोललो नाही,
जे मनात त्याच्याबद्दल बोललो होतो
त्याची माफी कशी मागतात ते मला ठाऊक नाही.
तीन आठवडे कुणी दोरीला हात लावला नाही.

गुरुवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी,
घंटा वाजली.
पट्टा थांबला.
इतकं शांत झालं
की मागच्या कालव्यावरची बदकं ऐकू आली.
सुखपालचा हात अजून वरच होता.
एकोणीस माणसं होती पाळीवर.
मशीनकडे कुणीच बघत नव्हतं.
सगळे माझ्या चेहऱ्याकडे.