कारणाचा रकाना

सड्यावर मोजणीवाले आले त्या दिवशी
आमच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात
सात माणसं माडावरून पडली.

पहिला खरंच तसं म्हणाला.
डोक्याला चार टाके, पाठीवर वळ,
वळ समांतर, पट्टीनं आखल्यासारखे.
"माडावरसून पडलंय, सिस्टर."
पेन थांबलं. दाराशी त्याची बायको,
पदराला धुराचा तिखट वास.
नाव लिहिलं की नाव चौकीत जातं, हे तिला ठाऊक.
टाका पडला नाही तर जखम चिघळते, हे मला.
लिहिलं : माडावरून.
मग पुढच्यांना विचारलंच नाही.

घाटीतला रस्ता दुपारीच अडला,
आकेशीची झाडं आडवी घालून.
एकशे आठ फाट्यापलीकडे उभी,
मोबाईल मुका, डॉक्टर खाडीपार.
वीज गेली की घालवली, कोण सांगणार?
फ्रिजात खोब्रेकरांच्या मधुराचं इन्सुलिन,
अकरा वर्षांची पोर, दिवसाला चार सुया.
इब्राहिम सोलकर स्वतः बर्फ घेऊन आले
बांगड्याच्या क्रेटमधून, डोक्यावर.
कुपी टॉवेलात गुंडाळली, बर्फाला टेकू दिली नाही;
गोठली असती तर तीही गेली असती.
त्या डब्याला अजून बांगड्याचा वास येतो.

आठवा रात्री आला, बुटांसकट.
छातीवर पट्टी : कऱ्हाळे.
धूर त्यांनीच सोडलेला,
पण खारा वारा कुणाच्या हुकमात असतो?
उलटा फिरला.
छाती घरघरत होती. जुना दमा,
भरतीच्या वेळी लपवलेला.
नेब्युलायझर विजेशिवाय नुसता डबा.
पाण्याच्या बाटलीला बुडाशी भोक पाडलं,
त्यात पंप बसवला, वरून चिकटपट्टी.
बाटली धरायला हात कमी पडत होता.
बाकावरचा चौथा माडावरून पडलेला
काही न बोलता उठला,
डाव्या हातानं धरली. उजवा झोळीत होता.
"ओढ आत. आता दहा मोज."
मोजत दोघंही होते.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.
कऱ्हाळे हिंगोलीचा, माड त्यानं जवळून पाहिला
तो याच आठवड्यात.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"लिहा की. माडावरून."
हसलं कुणी नाही. चौथा तेवढा खोकला.

महिन्याभरानं जिल्ह्यावरून कागद आला :
एकाच दिवशी आठ इसम माडावरून,
खुलासा करावा.

तीन दिवस तो टेबलावर पडून होता,
वर कात्रीचं वजन.
चौथ्या दिवशी खाली लिहिलं :
त्या दिवशी वारा फार होता.