वाघर

सुप्याच्या माळावर दहा बाय दहाचं तारेचं कुंपण.
आत चार वर्षं कुणाचं तोंड लागलेलं नाही.
मारवेल गवत कमरेला आलं, वाळलं,
उभ्याउभ्याच राखाडी झालं.
बुडाशी हात घातला तर
गेल्या सालचं, त्याच्याही आधीच्या सालचं काड,
कुजायचं विसरलेलं.

तारेबाहेर धुळाजी कारंड्यांची मेंढरं.
गवत बोटभर,
पण हिरवं.
रात्री ती वाघरीत बसतात, कुणाच्या तरी रानात,
आणि सकाळी रानवाला पायलीनं बाजरी मोजतो,
मुताची, लेंड्यांची किंमत.

शिवाजीनगरच्या प्रयोगशाळेत मी पिशव्या सोडते.
आतली माती. बाहेरची माती.
नत्राचा आकडा येतो, दोनदा तपासते.
मॅडम म्हणतात, पार उत्तरेला,
जिथं जमीन खालून कायमची गोठलेली,
तिथंही रेनडियर हेच करतात:
शेवाळ तुडवतात, ऊब खाली उतरते,
थंडीनं दाबून ठेवलेलं मोकळं होतं,
शेवाळाच्या जागी गवत येतं.
मी बर्फ पाहिलाय तो नमुन्यांच्या फ्रीजमध्ये.

आकडा सांगायला माळावर गेले.
धुळाजींनी ऐकून घेतलं, तंबाखू मळत.
“अन् एकाच जाग्यावर सारखी बसवली, तर?
ते मोजलंय का?”

नव्हतं.

पहाटे त्यांनी वाघर गुंडाळली, घोड्यावर टाकली.
मागं उरला एक चौकोन,
ओला, उग्र वासाचा,
खुरांनी बारीक कुटलेला.
मी गुडघ्यावर बसले
आणि नवी पिशवी काढली.