डावा की उजवा

सीपीआरच्या मागच्या दाराशी दर गुरुवारी
मी वही घेऊन बसतो. बँकेतून निवृत्त,
रकाने आखायची खोड काही सुटत नाही:
नाव, गाव, नंबर, डावा की उजवा.

कुणाचा पाय साखरेनं नेला,
कुणाचा उसाच्या ट्रॉलीनं.

सुभाषनगरचे गणू सातपुते जोड शिवतात,
एक वहाण देतात, दुसरी खिळ्याला टांगतात.
पावती फाडायला गेलो, तर म्हणाले,
"अर्ध्या जोडाची कसली पावती वो?
ऱ्हायलेला पाय गावू दे आधी."

आठ नंबरची उजवी वर्षभर टांगलेली.
परवा हुपरीच्या यासीननं ती नेली.
तिची डावी कागलच्या दत्तोबांकडं,
उन्हापाण्यानं काळवंडलेली, टाच झिजलेली.

आज दोघं एकाच बाकावर आले.
पायाशी पाय लावून बघितले,
हसले, मग उगीच गप्प झाले.
चहाला निघाले तेव्हा बोळातून ऐकू येत होतं:
कर्र, ठक. ठक, कर्र.

सातपुत्यांना फोन करून सांगितलं सगळं.
थोडा वेळ नुसता हातोडीचा आवाज.
मग म्हणाले,
"त्या नव्या वहाणंला तेल लावलंय न्हवं?
चावंल त्येला."