उजव्या कडेची मोटर

धरणावरचा बोट क्लब बंद पडला, त्याच्या लिलावात
बाराशेला मिळाली दोघांची पिवळी कयाक.
बुडाला चरे, पण तरंगायची.
मोटर पवनीच्या भंगारातली, रेडिएटरच्या पंख्याची,
खाली हातभर दांडा, दांड्याला मी कापलेलं पत्र्याचं पातं,
आणि फवारणीपंपाच्या दोन बॅटऱ्या मांडीशी.

मागचं शेपूट इतकं निमुळतं
की नटबोल्टाला धरायला काही नाही.
म्हणून उजव्या कडेला आवळली.
बटण दाबलं, आणि मी डावीकडे.
पुन्हा डावीकडे.
तेच मोहाचं झाड, तीच म्हैस,
काठावर जाळं सांधत बसलेला तोच बकाराम ढिवर
चौथ्यांदा माझ्यासमोरून गेला.
"मधात देव ठेवला का जी?" तो म्हणाला.
"नाही, प्रदक्षिणा चालू हाय म्हून इचारलो."

दुसऱ्या दिवशी सुकाणू. सागाची फळी,
दोन दोऱ्या, दोन्ही पायांच्या अंगठ्यांना.
सरळ गेली. पन्नास हात.
मग वाऱ्यानं हलकं नाक धरून फिरवलं,
बॅटऱ्या पुढं सरकवल्या तर नाकच बुडालं,
डावी दोरी ओढता ओढता उजव्या पोटरीत गोळा,
आणि शिंगाड्याच्या वेलीनं पात्याला अशी मिठी मारली
जशी सासरी निघालेल्या पोरीला मावशी.

घरी फुलवंता म्हणाली, वळायचं कसं ते आधी ठरवा.
मी वहीत बाण काढले.
बाण सगळे बरोबर होते.

तिसऱ्या सकाळी बकारामनं जाळं आणून
कयाकीत टाकलं आणि मागं बसला.
"हे फळी काढ. फिरते तं फिरू दे."

फिरलो.
तो दोन्ही हातांनी जाळं सोडत राहिला,
जुन्या चपलांचे कापलेले तुकडे
एकामागे एक पाण्यावर,
आणि जिथून सुरुवात केली
तिथंच येऊन घेर मिटला.
वल्हं कुणाच्याच हातात नव्हतं.
तो काही बोलला नाही,
फक्त रिकाम्या तळव्यांकडे एकदा पाहिलं
आणि ते लुंगीला पुसले.

परत मात्र सरळच यायचं होतं.
बटण बंद. एक वल्हं त्याच्याकडे, एक माझ्याकडे,
आणि पाण्यात अडकलेला तो दांडा
आता आम्हाला ओढत होता
उजवीकडे.