रात्रपाळीचं औषध

बारानंतर दुकानाचं दार लावून घेते.
उघडी राहते फक्त वीतभर खिडकी.
तिच्यातून औषधं बाहेर जातात, सुटे पैसे आत येतात,
आणि समुद्राचा गारठा, तो फुकट.
ग्दिनियात नोव्हेंबरचा वारा रांगेत उभा राहत नाही.

एकला पाच कमी असताना रेडिओ लावते.
लेओकादियाबाई आधी खोकतात, मग बोलतात.
पंचवीस वर्षं तोच खोकला.
मी मनातल्या मनात सिरप लिहून देते,
त्या मनातल्या मनात घेत नाहीत.
मग सुई टेकते. थोडी खरखर,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी,
आणि एक ट्रम्पेट बोलू लागतं
तोंडावर हात धरून, शेजारी जागे होऊ नयेत म्हणून.

आमची ओळख त्यातूनच झाली.
बंदरावरचा क्रेनवाला बोगुमिल
पाठदुखीचं मलम घ्यायला आला आणि जाईचना.
म्हटलं, आणखी काही?
म्हणाला, हे संपू दे.
ते नऊ मिनिटांचं होतं.
मागे उभ्या बाईला वाटलं, मोठाच आजार असावा.

तेव्हापासून पावत्यांच्या पाठीवर लिहिणं सुरू झालं.
बोगुमिलचं अक्षर साठ मीटर उंचीवरून वाचता येईल असं:
‘गुरुवारी ड्रमवाल्याचा डावा हात ऐक.
उजवा सोडून दे, उजवा सगळ्यांनाच येतो.’
टॅक्सीवाली यारोस्वावा लिहिते सिग्नलला थांबून, अर्धंच:
‘ही गायिका शब्द विसरलीये, पण’
तिची शिफारस दर तिसऱ्यांदा फसते.
अकॉर्डियनचा तो प्रकार ऐकून
मी स्वतःच डोकेदुखीची गोळी घेतली,
पैसे गल्ल्यात टाकले, पावती तिला दिली.

मी लिहिते ते सवयीने डोससारखं:
फक्त दुसरी बाजू.
अंधारात घ्यावी. गाडी चालवताना चालेल.
मुलांपासून दूर ठेवण्याची गरज नाही.

लुडोमीर मात्र काही लिहीत नसत.
दर मंगळवारी, रात्री अडीचला, बायकोच्या गोळ्या.
पियानो जुळवण्यात हयात गेली;
आता कान तेवढा जुळलेला, बाकी सगळं सैल.
टोपी काढून ऐकायचे, टोपी घालून जायचे.
एकदाच पावती उलटी करून सरकवली:
‘शुक्रवारी, तीननंतर. नुसता बास.
मध्ये एक जागा आहे. चुकवू नका.’

शुक्रवारी काउंटरवरचे दिवे मालवून बसले.
बास चालला, जिन्यावरून जड कपाट उतरवावं तसा,
एकेक पायरी, दम घेत.
आणि एकदम काहीच नाही.
मी रेडिओला थोपटलं. मग धपाटा घातला.
एरियल खिडकीबाहेर काढली, सेल उपसले,
नवे सेल विकायला ठेवलेल्या पाकिटातून फोडून बसवले.
तोवर बास परतला होता,
पाणी पिऊन आल्यासारखा, निवांत.
लेओकादियाबाई खोकल्या. म्हणाल्या, ‘ऐकलंत?’

मंगळवारी कबूल केलं:
तुमच्या जागेच्या वेळी मी सेल बदलत होते.
लुडोमीर इतके हसले की खिडकीची काच धुरकटली.
‘मी तर पहिल्यांदा बूट फेकला होता रेडिओवर.
बायको म्हणाली, गप्प बस, तो विचार करतोय.’
मग टोपीची कड चाचपत राहिले.
‘आता तिला कुठलंच गाणं आठवत नाही.
माझं नावही अधूनमधूनच.
पण ती जागा आली की बोट वर करते.
बरोबर तेवढा वेळ.
मग खाली.’

मी गोळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.
सुटे पैसे देताना माझा हात
खिडकीच्या बाहेरच राहिला थोडा वेळ, गारठ्यात.

मागे टॅक्सी थांबली. काच खाली झाली.
यारोस्वावा ओरडली,
‘आज अकॉर्डियन आहे!’